प्रफुलानंद कोरियावाले यांचा हंसलेप

आनंदाबाईंच्या हातातून विष निघालं तेव्हा समाजभवनात पाय ठेवायला जागा नव्हती.

आंजी मोठीच्या या समाजभवनात एरवी साक्षगंध, म्हणजे साखरपुडे, होतात, नाहीतर पीकविम्याच्या सभा. त्या रविवारी सकाळी मात्र बायका खिडक्यांचे गज धरून उभ्या होत्या, आणि सहा फूट उंचीचा रूपरावसुद्धा नीट दिसेना म्हणून खुर्चीवर चढला होता. स्टेजवर टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर आनंदाबाईंचा उजवा हात. त्या हातावर एक भगवा कुर्ता घातलेला माणूस गोल गोल बोटं फिरवत होता. कुर्त्यावर त्याने डॉक्टरांचा पांढरा कोट चढवला होता, कोटाच्या खिशाला तीन पेनं होती आणि कपाळावर चंदनाचा टिळा. मागे भिंतीला त्याचाच हार घातलेला, काचेत मढवलेला मोठा फोटो टेकवून ठेवला होता. जिवंत माणसाने स्वतःच्या फोटोला हार घालावा, हे माझ्या पाहण्यात तरी पहिल्यांदाच आलं.

"बहनों और भाइयों, ध्यान द्या," तो म्हणाला. "या माउलीच्या अंगात बावन वर्षांचं विष आहे. फवारणीचं विष, पिशवीतल्या दुधाचं विष, शेजारणीच्या नजरेचं विष. आता पाहा, कसं बाहेर येते!"

त्याने नळीतून पाण्यासारखं पारदर्शक जेल काढलं, हातावर चोळलं. आणि खरोखर, खोडरबरासारख्या करड्या गुठळ्या आनंदाबाईंच्या हातावरून सुटून चादरीवर पडू लागल्या. चिमूटभर नाही, चांगल्या ओंजळभर.

"अगागागा!" आनंदाबाई ओरडल्या. "येवढं विष घेऊन मी फिरून राह्यली होती काय वो?"

टाळ्या पडल्या. मागच्या बाजूला कोणीतरी हात जोडले.

मी भैय्याजी. आंजीच्या बसथांब्याजवळ माझं कापडाचं दुकान आहे. रंग जाणार नाही अशी शपथ घेऊन मी तीस वर्षं कापड विकलं आणि त्यातलं किती रंग धरून राहिलं हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे माल विकणाऱ्याचा आवाज कुठे चढतो आणि कुठे मऊ होतो, हे मला लगेच कळतं. हा माणूस आपल्याच धंद्यातला आहे, एवढं मी पहिल्या दोन मिनिटांत ओळखलं.

त्याचं नाव प्रफुलानंद कोरियावाले. अयोध्येची एक राजकन्या दोन हजार वर्षांपूर्वी नावेत बसून कोरियाला गेली, अशी एक दंतकथा आहे. ती खरी की खोटी ते इतिहासवाले बघतील. प्रफुलानंदांना मात्र राजकन्येच्या सामानाची यादी पाठ होती.

"राजकुमारीनं संग तीन चीजा नेल्या. तुळस, गोमूत्र आणि उटणं. तेच उटणं लावून लावून कोरियावाल्यांची चमडी काचेसारखी झाली. आपण विसरलो, त्यांनी जपलं. मी बारा वर्षं सोलमध्ये तपस्या केली आणि तो फार्मुला वापस आणला."

"कोठी गेलते जी?" रूपरावने खुर्चीवरून विचारलं.

"सोलला."

"जोड्याचा सोल?"

"कोरियाची राजधानी आहे ती!"

"हां हां, असन बापा," म्हणून रूपराव खाली उतरला.

बारा वर्षं कोरियात राहून माणसाची बोली नागपूरच्या इतवारी बाजाराची कशी राहिली, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. ज्या गावात आपलं दुकान आहे, त्या गावात फार प्रश्न विचारायचे नसतात.

पुढे 'त्वचेची सप्तपदी' आली. सात नळ्या, सात बाटल्या. पहिला फेरा साबणाचा, दुसरा विष काढणाऱ्या जेलचा, तिसरा कसल्याशा अर्काचा, चौथा गोगलगायीच्या रसाचा. मागच्या पावसाळ्यात सोयाबीनवर गोगलगायी चढल्या तेव्हा याच गावाने मीठ टाकून मारल्या होत्या. ज्या घरात अंड्याचा केक आला तर बशी वेगळी निघते, त्या घरातल्या बायका गोगलगायीचा रस गालाला लावून एकमेकींना विचारत होत्या, "चकाकते का वो?"

सातवा फेरा हंसलेपाचा. छोटी पांढरी डबी, डबीवर कोरियन अक्षरं. खाज, नायटा, इसब, काहीही असो, तीन दिवसांत साफ.

"पण नियम दोन," प्रफुलानंदांनी आवाज उतरवला. मऊ केला. मी म्हटलं, आला मुद्दा. "एक, लेप सुरू असताना डॉक्टरले दाखवायचं नाही. डॉक्टरच्या नजरेनं लेपाची शक्ती जाते. आणि दोन, मध्येच बंद करायचा नाही. बंद केला का आतलं विष दुप्पट उलटते."

माझ्या पुढच्या रांगेत माझी भाची रूपाली बसली होती. मांडीवर सात महिन्यांची चिऊ.

रूपाली म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. आंजीतच रोशनला दिलेली; तो कामाला बाहेरगावी. चिऊ तीन महिन्यांची झाली तेव्हापासून तिच्या गालांवर, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्यांत इसब उठला होता. कातडी लाल, कोरडी, मध्येच ओली. लेकरू खाजवून खाजवून रक्त काढायचं, म्हणून रूपाली तिच्या हातांना मोजे घालून ठेवायची. सासू सुलोचनाबाईंनी कडुनिंबाचं पाणी केलं, हळद लावली, कोणीतरी सांगितलं म्हणून लिंबूही चोळला. लिंबू चोळला त्या दिवशी चिऊ अशी रडली की शेजारचे धावून आले. वर ज्याला त्याला प्रश्न: "लेकराले काय झालं वो?" "तू वांगे खाल्ले असन." "ग्रहणात बाहेर निंगाली होती का?" आई झाल्यापासून रूपालीचं कोणी अभिनंदन केलं नव्हतं, चौकशीच केली होती.

त्या दिवशी तिने हंसलेप घेतला. मी काही बोललो नाही.

तीन दिवसांनी ती दुकानात आली ती धावतच. "मामा, पाहा!"

चिऊचे गाल साफ होते. लोण्यासारखे. कोपरांच्या घड्या साफ. मोजे काढलेले, आणि लेकरू स्वतःच्या बोटांकडे नवलाने पाहत होतं. रूपाली हसत होती आणि डोळे पुसत होती. आता सांगा, अशा वेळी शंका काढणारा माणूस किती नालायक दिसतो? मनात म्हटलं, भैय्याजी, हुशारी तुझ्याजवळ ठेव.

माझी बायको ज्योत्स्ना गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिला हे सांगितलं तेव्हा तीही आनंदली. मग भाजी चिरता चिरता थांबली.

"तीन दिवसांत?"

"हो."

"इसब तीन दिवसांत जात नाही हो. बरं वाटलं तर चांगलंच आहे, पण एवढ्या लवकर कशानं वाटलं ते पाहायला नको का? तुम्ही विचारलं, डबीत काय आहे?"

"हंस असेल."

तिने सुरी माझ्या दिशेने रोखली आणि पुन्हा भाजीला लागली.

ती दुसऱ्या दिवशी रूपालीकडे गेली. डबी पाहायची म्हणताच सुलोचनाबाईंनी पदराखाली घेतली. "नाई जी मास्तरीणबाई. तुमच्या नजरेचाही भरोसा नाई. लेकरू बरं झालं, आता काऊन उकरून राह्यले?"

ज्योत्स्ना परत आली. रिकामी डबी मिळाली तर मला दे, एवढंच रूपालीला सांगून.

दीड महिना गेला. हंसलेपाची हवा पार आर्वीच्या रस्त्याला लागली. चिऊ गुटगुटीत झाली. चेहरा पुरणपोळीसारखा गोल, गाल लाल, हनुवटीखाली घडी. सुलोचनाबाई दिवसातून तीन वेळा लेप चोळत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लेकरू दाखवत. "बाळसं धरलं वो माह्या नातीनं! लेप अंगी लागला." प्रफुलानंदांनी चिऊचे दोन फोटो घेतले आणि बसथांब्यासमोर, माझ्या दुकानाच्या बरोबर पुढे, फलक लागला. डावीकडे आधीची चिऊ, उजवीकडे आताची. खाली लिहिलं होतं: 'श्रद्धेचं फळ.'

मी रोज दुकानाचं शटर उघडून ते फळ पाहायचो. आणि खरं सांगतो, मला ते आवडेनासं झालं. बाळसं धरलेलं मूल मी पाहिलं आहे. माझीच दोन वाढवली. ते सगळ्या अंगाने भरतं. चिऊचा चेहरा फुगला होता, हातपाय होते तसेच होते. कपाळावर आणि पाठीवर बारीक लव आली होती. गालांचा लाल रंगही तजेल्याचा नव्हता. जवळून पाहिलं तर पातळ कातडीखाली बारीक रेघा दिसत.

ज्योत्स्नाला मी हे म्हणालो. ती म्हणाली, "मलाही तेच दिसतं. पण सुलोचनाबाई मला दारात उभं करत नाहीत."

मग एक दिवस लेप संपला. प्रफुलानंद तिकडे समुद्रपुरात विष काढत होते, चार दिवसांनी येणार होते. दुसऱ्या दिवशी चिऊच्या अंगावर आगीसारखा इसब उलटला, आधी होता त्याच्या दुप्पट. तिसऱ्या दिवशी तिने दूध ओकून टाकलं. चौथ्या सकाळी ती रडेचना. रूपाली तिला खांद्यावर टाकून आमच्या दारात आली. मागे सुलोचनाबाई.

"विष उलटलं," सुलोचनाबाई म्हणत होत्या. "म्या सांगतली होती, खंड पाडू नको. महाराजाले फोन लाव. डॉक्टरकडे नेलं तं आणखीन..."

"आई," रूपाली म्हणाली. सासूपुढे ती कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. "लेकरू मान धरून नाई राह्यलं. मी वर्ध्याले चालली. तुमाले यायचं तं या, नाई तं राहा."

सुलोचनाबाई एक क्षण उभ्या राहिल्या. मग चपला न घालता गाडीत येऊन बसल्या.

गाडी माझ्या शेजाऱ्याची. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. ज्योत्स्नाच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत हंसलेपाची रिकामी डबी.

वर्ध्यात लहान मुलांच्या डॉक्टर आहेत, डॉ. सुरभी. वय पस्तीस असेल, आवाज हळू. त्यांनी चिऊला पाहिलं, गोल चेहरा पाहिला, पाठीवरची लव पाहिली, एवढ्याशा दंडावर एवढासा पट्टा बांधून रक्तदाब घेतला. मग एकच प्रश्न विचारला.

"कोणतं मलम लावत होता? किती दिवस?"

रूपालीने सगळं सांगितलं, डबी दाखवली. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावायला सांगितलं, रक्त तपासायला पाठवलं, एक इंजेक्शन दिलं. चिऊ दुपारी डोळे उघडून रडली. जन्मात कोणाचं रडणं मला इतकं गोड लागलेलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं.

"यात बहुतेक जोरदार स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड हे औषध आहे, राक्षस नाही. इसबात मीसुद्धा देते, पण सौम्य, मोजकं आणि थोडे दिवस. या मलमातलं मोठ्या माणसाच्या जाड कातडीसाठीसुद्धा जपून वापरायचं असतं. सूज दाबतं, म्हणून तीन दिवसांत चमत्कार दिसतो. पण बाळाची कातडी पातळ. तुम्ही सगळ्या अंगाला, दिवसातून तीनदा, दीड महिना लावलं. ते औषध रक्तात गेलं. चेहरा फुगला तो त्यामुळेच."

"मंजे ते बाळसं नव्हतं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"नाही आजी. ती सूज होती."



"आणि विष उलटलं ते?" रूपालीने विचारलं.

"विष कुठलं? दाबून ठेवलेला इसब वर आला. शिवाय आपलं शरीर रोज थोडं स्टिरॉइड स्वतः तयार करतं. बाहेरून एवढं मिळाल्यावर त्याने तयार करणं सोडून दिलं. एकदम बंद झालं तेव्हा आत काहीच उरलं नाही, म्हणून ती गळून गेली. आणखी एक दिवस थांबला असतात तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "आता मी हळूहळू कमी करत नेईन. तुम्ही स्वतःच्या मनाने काही सुरू करू नका, आणि काही बंदही करू नका."

मला त्या दोन नियमांचं कोडं तिथे सुटलं. डॉक्टरला दाखवू नका, कारण डॉक्टर ओळखेल. मध्येच बंद करू नका, कारण बंद केलं की उलटतं, आणि उलटलं की माणूस पुन्हा डबी घ्यायला येतो. मी तीस वर्षं धंदा केला, पण गिऱ्हाईक असं बांधून ठेवायची कला मला नाही साधली. साधली नाही याचं त्या दिवशी बरं वाटलं.

चिऊ दवाखान्यात आठ दिवस होती. डॉक्टरांनी गावातून मिळालेली एक भरलेली डबी सीलबंद करून औषध खात्याकडे पाठवली. आणि प्रफुलानंदांची पुढची सभा जाहीर झाली. रविवारी, समाजभवनात.

ज्योत्स्ना म्हणाली, "मी जाणार."

"भांडायला?"

"प्रयोग करायला."

तेव्हाही गर्दी होती. या वेळी टेबलावर धुरपता नावाच्या बाईंचा हात. जेल आलं, गुठळ्या आल्या, टाळ्या आल्या. ज्योत्स्ना उठून स्टेजवर गेली. हातात घरचं स्टीलचं ताट.

"महाराज, जरा याच्यातलंही विष काढून द्या."

लोक हसले. प्रफुलानंदही हसले. "ताई, ताटाला चमडी असते का?"

"नसते ना. म्हणूनच म्हणते." तिने टेबलावरची नळी उचलली, कोरड्या ताटावर जेल टाकलं आणि बोटांनी चोळू लागली. थोडा वेळ काही झालं नाही. मग जेल घट्ट झालं, फुटलं, आणि ताटावर गुठळ्या लोळू लागल्या. तिने ताट उभं धरून सगळ्यांना दाखवलं.

"भांड्याच्या साबणाचं विष आहे ते!" प्रफुलानंद म्हणाले. माणूस चपळ होता, कबूल करतो. "आणि पाहा, हे पांढरं आहे. माउलीच्या हातातलं विष करडं होतं!"

"बरोबर," ज्योत्स्ना म्हणाली, "धुरपताबाई सकाळी कापूस वेचून आल्या. हातावर धूळ होती, ती गुठळ्यांत चिकटली. बरं, साबण लागत नाही अशा वस्तूवर करू." आणि ती वळली, भिंतीला टेकवलेला तो हार घातलेला फोटो उचलला, टेबलावर आडवा ठेवला, आणि प्रफुलानंदांच्या काचेतल्या गालावर जेल चोळायला सुरुवात केली.

फोटो गावोगाव फिरून आलेला. काचेवर उदबत्तीची राख, गुलाल, रस्त्याची धूळ. गुठळ्या निघाल्या त्या चांगल्या काळ्या करड्या. गालावरून निघाल्या, कपाळावरून निघाल्या, टिळ्यावरून तर ढीग निघाला.

"लई विष आहे बापा याच्यात," रूपराव मागून म्हणाला.

समाजभवन हसण्याने हादरलं. ज्योत्स्नाने हात पुसले.

"हे जेल वाईट नाही," ती म्हणाली. "दुकानात मिळते. त्यात घट्टपणा आणणारा एक पदार्थ असते. चोळलं का तोच गोळा होते. हातातून काही निंगत नाई, नळीतून आलेलंच परत दिसते. आणि ज्याची कातडी इसबाची आहे, त्यानं असं घासूच नाही. आणखी आग होते."

"हंसलेपाचं काय?" कोणीतरी ओरडलं. "आमाले गुण आला ना!"

"त्यावरचं लिहिलेलं वाचू." तिने मोबाइल काढला, कॅमेरा डबीवर धरला, भाषांतर होऊ दिलं आणि मोठ्याने वाचलं. "मसालेदार मुळ्याचं लोणचं. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा."

क्षणभर कोणालाच कळेना. मग आनंदाबाई म्हणाल्या, "म्या तोंडाले लोणचं लावलं काय वो?"

"आत लोणचं नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "लोणचं असतं तर बरं होतं."

प्रफुलानंदांनी आता हात वर केले. "बहनों! ही बाई श्रद्धेवर हल्ला करते आहे. चिऊबेटीला पाहा! ते चमत्काराचं लेकरू..."

"लेकरू इथंच आहे," मागून आवाज आला.

सुलोचनाबाई उभ्या होत्या. शेजारी रूपाली, तिच्या खांद्यावर चिऊ. चेहऱ्याची सूज अजून पुरती उतरली नव्हती, गालांवर लाल चट्टे परत आले होते. फलकावरच्या उजव्या बाजूच्या चिऊसारखी ती दिसत नव्हती.

"या घरानं श्रद्धा सोडली," प्रफुलानंद घाईने म्हणाले, "म्हणून..."

"कोणं सोडली?" सुलोचनाबाई चालत पुढे आल्या. "म्या सोडली? दिवसातून तीनदा लावत होती म्या. माह्या या हातानं. दोन बोटं सांगतले होते तुमी, मी तीन बोटं घेतले, लवकर बरं व्हावं म्हणून. सुनेले डॉक्टरकडे जाऊ देत नव्हती. श्रद्धा कमी नाई पडली महाराज. श्रद्धा जास्त झाली म्हणून लेकरू आठ दिवस दवाखान्यात होतं." त्यांनी चिऊकडे बोट केलं. "थे गुटगुटीत नव्हती झाली. फुगली होती. अन् मी गावाले दाखवत फिरून राह्यली होती."

कोणी टाळी वाजवली नाही. बायकांच्या रांगेत एकीने स्वतःच्या मांडीवरचं मूल उजेडाकडे वळवून त्याचा चेहरा निरखला. दुसरीने पिशवीतून डबी काढून जमिनीवर ठेवली. मग तिसरीने.

"फेकू नका," ज्योत्स्ना म्हणाली, "आणि आज एकदम बंदही करू नका. ज्यानं ज्यानं लावलं, त्यानं डबी घेऊन डॉक्टरकडे जावं. लहान लेकरं आधी."

प्रफुलानंद मागच्या दाराकडे सरकत होते. दारात रूपराव उभा होता. दोघाचौघांनी बाह्या सरसावल्या, तेव्हा ज्योत्स्ना मध्ये गेली. मारहाण केली तर उद्या हाच माणूस अंगावरचे वळ दाखवून संत होईल, असं तिने बजावलं. पोलिसांना बोलावलं, तक्रार रूपालीने स्वतः दिली. औषध खात्याचा अहवाल पुढे आला. जोरदार स्टिरॉइडचं स्वस्त मलम, त्यात वास यावा म्हणून चंदनाचं अत्तर. प्रफुलानंद बारा वर्षांत नागपूर-वर्ध्याच्या पलीकडे गेलेच नव्हते, हेही तपासात निघालं. पुढे ते जामिनावर सुटले. सध्या कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यात जपानचा अंगारा विकत असतील.

चिऊ सावरली. पटकन नाही. तीन महिने डॉक्टरांच्या फेऱ्या झाल्या. इसब अजून येतो, थंडीत जास्त येतो, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की तो मोठेपणी जाईल किंवा राहील, त्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. सुलोचनाबाई आता कोमट पाण्याने पटकन आंघोळ घालतात, अंग न घासता टिपून घेतात, आणि ओल्या अंगावर साधं, बिनवासाचं मलम लावतात. दोन बोटं म्हटली तर दोनच.

एका फेरीला रूपालीने डॉक्टरांना चाचरत विचारलं होतं, "मॅडम, मले पण हातावर इसब आहे. आता कोरियाचं काही लावायचंच नाही का?" ती मोबाइलवर कोरियन मालिका पाहते आणि ते लपवत नाही.

डॉक्टर हसल्या. "कोरियाने काय बिघडवलं तुझं? तिथेही नाजूक कातडीसाठी चांगल्या गोष्टी बनतात, इथेही बनतात. देश पाहू नकोस, डबीवरची घटकांची यादी पाहा. सुगंध नको, फुलांची तेलं नकोत, घासणारं किंवा सोलणारं काही नको. सेरामाइड, ग्लिसरीन, पँथेनॉल अशी नावं दिसली तर चांगलं. यादी जितकी छोटी तितकी बरी. गोगलगायीचा रस काहींना चालतो, काहींना खाज आणतो. म्हणून एका वेळी एकच नवीन वस्तू, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी, चार-पाच दिवस वाट पाहून. सात पायऱ्या कशाला? तुला दोन पुरतात. सौम्य साबण आणि भरपूर मॉइश्चरायझर. आणि चिऊला मला विचारल्याशिवाय काही नाही."

रूपालीने वर्ध्याच्या दुकानात उभं राहून अर्धा तास डब्या वाचल्या. दुकानदार कंटाळला. "ताई, सगळ्या सारख्याच आहेत." ती म्हणाली, "सारख्या असत्या तं वेगवेगळं लिहिलं नसतं," आणि पुढची डबी उलटी करून वाचू लागली. शेवटी तिने एक घेतली, कोपरावर लावली, चार दिवस वाट पाहिली. खाज आली. तिने ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. ती चालली. कुठेही टाळ्या पडल्या नाहीत.

वाचकहो, गोष्ट एवढीच आहे. आपल्या लेकरांना खाज सुटेल, तेव्हा कोणी तरी गोड बोलणारा माणूस येईलच. त्याच्या अंगावर कोट असेल किंवा भगवं असेल, तो अयोध्येचं नाव घेईल किंवा सोलचं. त्याच्याशी वाद घालायची गरज नाही. एवढंच म्हणा, यात काय आहे ते लिहून द्या, मी माझ्या डॉक्टरला दाखवून येतो. खरं औषध या वाक्याला घाबरत नाही. आणि जो घाबरेल, त्याची डबी तिथेच ठेवून, लेकरू उचलून, दवाखान्याचा रस्ता धरा.